मदत हवी आहे: ऑटोमॅटिक देऊन मॅन्युअल फोर बाय फोर, नवी की जुनी?

माझी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी) ऑटोमॅटिक आहे, ४ वर्षं वापरली. चढाला तक्रार नाही. पण सुट्या दगडांच्या उतारावर फोर-लो (चारही चाकं, सगळ्यात हळू आणि जास्त जोराची रेंज) आणि पहिल्या गिअरमध्येही गाडी पुढे पळते, सतत ब्रेकवर पाय. गिअरबॉक्सचं तेल बदललं, टायरची हवा कमी करून पाहिली, फरक नाही. मित्राची मॅन्युअल त्याच उतारावर नेली, तर इंजिननंच गाडी धरून ठेवली. तो ताबा मला हवाच आहे, ट्रॅफिकमध्ये क्लच दाबायचीही तयारी आहे. नवी घेतली तर कर्ज वाढेल. जुनी एक आवडलीय, पण चेसिसच्या आत वाळलेला चिखल दिसला, म्हणजे ती चिखलात बरीच फिरलेली असावी. अशा गाडीत क्लच आणि ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीची) झीज नुसती चालवून कशी ओळखायची?