टीएवर हो की नाही? अमेरिकेत उडणाऱ्यांनी जरा बोला

क्यू गार्डन्सची भाडेकरू

आमच्या एअरलाइनचा नवा टीए मतदानाला आलाय. (कुठली ते विचारू नका, ओळखलंत तर मनात ठेवा.) या धंद्यात नसलेल्यांसाठी: कंपनी आणि युनियनची वाटाघाटी समिती यांच्यात जो कच्चा करार ठरतो, तो टीए. युनियनच्या प्रतिनिधींनी तो पुढे पाठवलाय, आता आम्ही पायलटांनी ऑनलाइन मत द्यायचं. साधं बहुमत. पुढच्या शुक्रवारी मतदान बंद होतंय आणि माझं अजून तळ्यात-मळ्यात चाललंय.

मी मूळची नाशिकची. एअरबस ३२० वर एफओ, म्हणजे कोपायलट, बेस न्यूयॉर्क. नवरा आणि लेक रॅलेला, नॉर्थ कॅरोलायनात. सिनिऑरिटीच्या यादीत मला खालून शोधलं तर लवकर सापडेन, त्यामुळे नशिबी रिझर्व्ह, म्हणजे ठरलेल्या फेऱ्या नाहीत, बोलावतील तेव्हा उडायचं. शॉर्ट कॉल असला की फोन आल्यापासून दोन तासांत विमानतळावर हजर व्हायचं. रॅलेहून ते कुठलं जमायला? म्हणून क्वीन्समध्ये क्यू गार्डन्सला क्रॅशपॅडमधला (क्रूनं मिळून वापरायचा फ्लॅट) एक बंक भाड्यानं घेतलाय. खालचा बंक मिळायलाही सिनिऑरिटी लागते, हसू नका. फोन वाजो न वाजो, तिथे बसायचं. फ्रिजमध्ये प्रत्येकाच्या डब्यावर नाव आणि एम्प्लॉयी नंबर, मायक्रोवेव्हवर चिठ्ठी: मासे गरम करू नयेत. लेक व्हिडिओ कॉलवर विचारते, आज विमान चालवलंस का? मी म्हणते, नाही गं, आज विमानाची वाट पाहिली.

आता टीएत काय आहे ते. पगाराचं पान बघून डोळे दिपतात. नवऱ्यानं आकडे एक्सेलमध्ये टाकले आणि म्हणाला, यात विचार कसला करायचा? निवृत्तीच्या खात्यात कंपनी घालते तो वाटाही वाढतोय. मागची थकबाकी मात्र पूर्ण नाही, त्याऐवजी सही झाल्यावर एकरकमी बोनस. तेही मी गिळीन.

घास अडकतो तो रिझर्व्हच्या कलमावर. लाँग कॉलला बारा तासांची सूचना मिळते, म्हणजे घरी राहता येतं. पण संध्याकाळी फोन करून तो लाँग कॉल दुसऱ्या दिवशीच्या शॉर्ट कॉलमध्ये बदलायचा हक्क आजही कंपनीकडे आहे आणि ती तो मुक्तहस्ते वापरते. नव्या करारात हे महिन्यातून किती वेळा करता येईल याला मर्यादा घातलीय. रोडशोत, म्हणजे युनियन टीए समजावून सांगते त्या सभेत, याच मुद्द्यावर टाळ्या पडल्या म्हणे. कलमाच्या शेवटी मात्र एक शेपूट आहे: ‘ऑपरेशनल गरज असल्यास ही मर्यादा लागू राहणार नाही.’ आता मला सांगा, विमान कंपनीत ऑपरेशनल गरज नाही असा दिवस कुठला?

क्रू रूममध्ये दोन तट पडलेत. पांढऱ्या केसांचे कॅप्टन म्हणतात, घे गं पैसे, पुढचं पुढे. माझ्या बॅचचे बॅगांना ‘नाही’चे लाल स्टिकर लावून फिरताहेत. ‘नाही’ निघालं तर खरंच यापेक्षा बरा टीए येतो का, की हाही हातचा जातो? आणि असलं शेपूट एकदा करारात शिरलं की पुढे कधी निघतं का?

मालगाडीवाला

मी माल वाहतो, फेडेक्समध्ये नाही, पण तिथलं जवळून पाहिलंय. जुलै २०२३ मध्ये त्यांच्या पायलटांनी टीए ५७ टक्क्यांनी फेटाळला. तोवर डेल्टाचा करार झालेला, अमेरिकन आणि युनायटेड या एअरलाइन्सचा होत आलेला. सगळ्यांना वाटलं आपलाही भाव वाढणार. पण प्रवाशांचा धंदा चढता होता आणि मालाचा उतरणीला लागला होता. कोविडमधली पार्सलं आटली, विमानं उभी राहायला लागली. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनी आपल्याच पायलटांना सुचवत होती की आमच्याकडे माणसं जास्त झालीत, पीएसए या रीजनल (छोट्या मार्गांवरच्या) एअरलाइनकडे अर्ज करून बघा. मोठ्या जेटवरून रीजनलमध्ये! दोन वर्षं उलटली तरी दुसरा करार काही झाला नव्हता.

ते लोक मूर्ख नव्हते. त्यांची पेन्शनची मागणी रास्तच होती. पण ‘नाही’ म्हणण्याची किंमत बाजार ठरवतो, आपला राग नाही. तुमच्या कंपनीची नवी विमानं वेळेवर येताहेत का, भरती चालू आहे का, नव्या पायलटांचे ट्रेनिंग क्लास रद्द होताहेत का, ते आधी बघा. वारा वाहील तशी पाठ द्यावी. मी असतो तर हो म्हटलं असतं.

चार पट्ट्या

मालगाडीवाल्यांनी एक बाजू सांगितली, दुसरीही ऐक. युनायटेडच्या पायलटांपुढे २०२२ मध्ये टीए आला, दीड वर्षात साडेचौदा टक्के वाढ. नोव्हेंबरमध्ये ९४ टक्क्यांनी तो उडवला. महिन्याभरात डेल्टाचा टीए आला, चार वर्षांत ३४ टक्क्यांचा, आणि मार्च २०२३ मध्ये तो ७८ टक्क्यांनी मंजूर झाला. मग सप्टेंबरात युनायटेडवाल्यांनी जो करार ८२ टक्क्यांनी घेतला, त्यात विमानाच्या प्रकाराप्रमाणे साडेचौतीस ते चाळीस टक्के होते. अमेरिकनची गंमत तर आणखी. त्यांचं मतदान सुरू व्हायच्या तोंडावर युनायटेडचे आकडे बाहेर आले. युनियननं मतदान पुढे ढकललं, कंपनीनं अब्जाहून जास्त डॉलर वर घातले आणि ऑगस्टमध्ये करार झाला.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कधी येतो, कधी नाही. त्यावर कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याची सिनिऑरिटी तपास. माझ्याबरोबर उडणाऱ्यांत पासष्टीला, म्हणजे निवृत्तीला, टेकलेले आहेत. त्यांना दुसऱ्या टीएची वाट पाहायला वेळच नाही, ते हो म्हणणार. मी त्यांना दोष देत नाही, पण त्यांचा सल्ला त्यांच्या वयाचा आहे, तुझ्या नाही.

खरा प्रश्न तुझा दुसरा आहे आणि त्याच्यावर या सगळ्या गदारोळात कोणी बोलत नाही. आपला धंदा रेल्वे लेबर ॲक्टखाली येतो. कायदा १९२६ चा, रेल्वेसाठी केलेला, १९३६ मध्ये विमान कंपन्या त्यात घातल्या. त्यात करार संपत नाही. मुदत झाली की तो फक्त सुधारणेला खुला होतो आणि नवा होईपर्यंत जुनंच चालू. सरकारी मध्यस्थ मंडळ ‘आता जमत नाही’ असं जाहीर करेपर्यंत संपाचं नाव काढायचं नाही, त्यावर आणखी तीस दिवस थांबायचं. १९९७ मध्ये अमेरिकनच्या पायलटांनी एवढं सगळं करून संप पुकारला, तर राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी काही मिनिटांत थांबवला. त्यामुळे जे शेपूट आज आत घेशील त्याच्यासोबत अनेक वर्षं काढायची आहेत.

पगाराचं तसं नसतं. शेजारच्या कंपनीत वाढला की आपल्याकडेही वाढतो, तुलना करायला एक आकडा पुरतो. रिझर्व्हची कलमं प्रत्येक कंपनीत वेगळी. त्यांची तुलना होत नाही, म्हणून ती टीव्हीवर येत नाहीत, म्हणून तिथे कंपनी कंजूषपणा करते. उलट पैशाचं लिहिलेलंही हातात पडेल तेव्हा खरं. २००५ मध्ये युनायटेडची पेन्शन दिवाळखोरीत सरकारी विमा महामंडळाच्या गळ्यात पडली. ज्यांनी पगार कमी घेऊन पेन्शन राखली होती, ते कॅप्टन मी पाहिलेत.

आता शेपटाकडे. क्रू शेड्युलिंगनं तुला तिसऱ्यांदा, चौथ्यांदा शॉर्ट कॉलवर टाकलं आणि म्हणाले ‘ऑपरेशनल गरज’, तर तू काय करशील? आधी उडशील, मग तक्रार करशील. नियमच तसा आहे. ती तक्रार युनियनकडून सिस्टिम बोर्डाकडे (कंपनी आणि युनियन दोघांची माणसं असलेलं मंडळ), तिथून लवादाकडे. कराराच्या अर्थावरच्या वादावर आपल्याला संप करता येत नाही, लवाद सांगेल तेच खरं. आणि शब्द मोघम असले की लवाद काय विचारतो? वाटाघाटीच्या वेळी दोन्ही बाजू काय बोलल्या होत्या? कोणी काय लिहून ठेवलंय? म्हणजे ‘ऑपरेशनल गरज’ म्हणजे काय याचं उत्तर मतदानाआधी कागदावर आलं तर त्याला वजन. मतदानानंतर कॅप्टन अमुकनं कॉफी पिताना काय सांगितलं, त्याला शून्य.

म्हणून मत द्यायच्या आधी तो कागद मागव. लेखी उत्तर नीट मिळालं तर मी तुझ्या जागी हो म्हणेन. गोलगोल मिळालं तर नाही, आणि पगाराचं पान पुन्हा उघडून बघायचं नाही.

मिसिसागाकर

कॅनडातून दोन पैसे. (मी एअर कॅनडाचा नाही.) तिथल्या पायलटांनी २०१४ मध्ये दहा वर्षांचा करार करून ठेवला होता. शेवटी शेवटी दक्षिणेकडचे, म्हणजे अमेरिकेतले, पगार कुठल्या कुठे गेले आणि हे टोरांटोत बसून बघताहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये संपाची नोटीस निघायच्या बेतात असताना टीए झाला, चार वर्षांत जवळपास ४२ टक्के. तरी मतदानात हो म्हणाले ६७ टक्केच, आणि मत दिलं जवळजवळ प्रत्येकानं. इतके पैसे असून एक तृतीयांश लोक नाही का म्हणाले? तिथे नव्या पायलटांना पहिली चार वर्षं ठरावीक, कमी पगार असायचा. ते पूर्ण काढा अशी मागणी होती. टीएत चारची दोन वर्षं झाली. ज्याला ती दोन वर्षं काढायची आहेत त्याला ४२ चा आकडा दाखवून काय उपयोग? ज्याचं जळतं त्याला कळतं.

चार पट्ट्यांशी सहमत. फक्त एक: कंपनीची लेखी उत्तरं मिळत नाहीत, युनियनच्या समितीची मिळतात. ती एकतर्फी असतात. दोघांच्या सहीचं पत्र मागा.

सांताक्रूझ

तुमची चर्चा वाचून हेवा वाटतोय. एप्रिल २०२३ मध्ये एअर इंडियानं नवी वेतनरचना आणली तेव्हा मतदान वगैरे काही नव्हतं, ज्यानं त्यानं सही करायची. आयसीपीए आणि आयपीजी दोन्ही युनियननी सह्या करू नका म्हणून सांगितलं, पंधराशेच्या आसपास पायलटांनी रतन टाटांना लिहिलं. सह्या झाल्याच हळूहळू. त्याआधी २०१२ चा आयपीजीचा संप अठ्ठावन्न दिवस चालला होता, त्याच्या आठवणी अजून लोक कुजबुजत सांगतात. आणि नको वाटलं तर सोडून जा म्हणावं, तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) नियमानं कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, वर्षाची नोटीस, कोपायलटला सहा महिन्यांची.

बाकी ते मासे गरम करू नयेत प्रकरण मरोळच्या क्रू फ्लॅटमध्येही आहे. तिथे फक्त भांडण मराठी, मल्याळी आणि बंगाली असं तिन्ही भाषांत होतं.

क्यू गार्डन्सची भाडेकरू

सगळ्यांचे आभार. मालगाडीवाले, आमच्याकडे भरती चालू आहे, क्लास भरताहेत, म्हणून तुमचा मुद्दा माझ्या मनात उलटा पडला. मिसिसागाकर, दोघांच्या सहीचं पत्र हे डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटचा रोडशो आज, मंगळवारी, विमानतळाजवळच्या हॉटेलात. आणि आज मी... बरोबर, शॉर्ट कॉलवर. काल संध्याकाळी बदलला. झूमवर बसेन. चार पट्ट्या काका, प्रश्न विचारायला एकच मिनिट देतात, तिथे भाषण केलं तर माईक बंद होतो. नेमकं काय विचारू ते सांगाल?

चार पट्ट्या

काका म्हणालीस, चालेल, केस पांढरे आहेतच. चॅटमध्येही टाक म्हणजे नोंद राहील, आणि हे जसंच्या तसं विचार: ‘गेल्या बारा महिन्यांत लाँग कॉलचे शॉर्ट कॉल जितक्या वेळा झाले, त्यातले कितीदा नव्या कलमाप्रमाणे कंपनीला करता आले नसते? एक उदाहरण सांगा. आणि ते उदाहरण कंपनीच्या सहीनिशी शुक्रवारच्या आधी आम्हाला मिळेल का?’

उदाहरण एकही देता आलं नाही तर पुढचं मला विचारू नकोस.