शब्दचर्चा : मल्टिचॅनल, मल्टिट्रॅक आणि मिक्सरमधून ‘लाइन घेणे’

प्रश्न :

आमच्या भजनी मंडळाचा बारा चॅनलचा ॲनालॉग मिक्सर आहे. गायक, पेटी, वीणा, टाळकरी आणि पखवाजाला दोन (एक शाईच्या बाजूला, एक कणकेच्या) असे सहा माइक लागतात. यूएसबीने लॅपटॉपला जोडला तर रेकॉर्डिंगमध्ये दोनच ट्रॅक येतात. दुकानदार म्हणतो, ‘बारा चॅनल आहेत की, मल्टिचॅनलच झाला.’ मग मल्टिचॅनल आणि मल्टिट्रॅक यांत फरक काय? इन्सर्ट, डायरेक्ट आउट, ऑक्स, बस यांचे अर्थही कुणी मराठीत नीट सांगितले तर बरे होईल.

प्रतिसाद :

दुकानदार खोटे बोलत नाही, पण निम्मेच सांगतो. चॅनल म्हणजे मिक्सरमध्ये आवाज आत येण्याची वाट. तुमच्याकडे बारा वाटा आत येतात, पण मिक्सरचे कामच मिसळण्याचे असल्यामुळे बाहेर पडताना डावी-उजवी अशा दोनच उरतात. बहुतेक लहान मिक्सरची यूएसबी हे मिसळलेले दोनच पुढे पाठवते.

ट्रॅक हा शब्द टेपच्या काळातला. चुंबकीय फितीवर लांबीच्या दिशेने शेजारीशेजारी जे पट्टे असत, ते ट्रॅक. आज फीत गेली, तरी अर्थ तोच आहे : वेगळा साठवलेला आणि नंतर वेगळा हाताळता येणारा आवाज. म्हणून विकत घेताना ‘किती चॅनलचा?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘यूएसबीवरून कॉम्प्युटरला किती चॅनल वेगवेगळे जातात?’ हेही विचारावे. साउंडक्राफ्ट कंपनीच्या सिग्नेचर १२ एमटीके या मिक्सरवरून १४ जातात. त्या नावातला एमटीके म्हणजे मल्टिट्रॅकच.

प्रतिसाद :

मराठीत ‘ट्रॅक’चा आणखी एक अर्थ रुळलाय, तो गोंधळ घालतो. ‘तो ट्रॅकवर गातो’ म्हणजे तयार वाद्यमेळावर गातो. स्टुडिओत फोन करून नुसते ‘ट्रॅक हवेत’ म्हटले तर समोरचा कॅरिओके समजू शकतो. ‘प्रत्येक माइक वेगळा रेकॉर्ड करून हवा’ असे सरळ सांगावे.

‘लाइन’चेही तसेच आहे. शूटिंगवाला साउंडवाल्याला म्हणतो, ‘दादा, मिक्सरमधून एक लाइन द्या.’ त्याला जे मिळते ते सगळे एकत्र झालेले मिश्रण. त्यात टाळ वर आला असेल तर नंतर कुणालाही तो खाली आणता येत नाही. वेगवेगळे हवे असेल तर ‘लाइन’ हा शब्द तिथे अपुरा आहे.

प्रतिसाद :

बाकीचे शब्द म्हणजे आवाज वाटेत कुठे काढून घेतला त्या जागांची नावे आहेत. माइक, मग गेन (आत येणारा आवाज वाढवणारे बटण), मग टोन, मग फेडर (चॅनलचा आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी), मग बस, असा साधारण क्रम.

इन्सर्ट म्हणजे चॅनलमधला आवाज बाहेर काढून परत आत घेण्याची जागा. तो गेननंतर लगेच असतो, बहुधा टोनच्याही आधी आणि फेडरच्या नक्कीच आधी. डायरेक्ट आउट म्हणजे त्या एकाच चॅनलचा स्वतंत्र आवाज. तो फेडरच्या आधीचा की नंतरचा हे मिक्सरगणिक बदलते, माहितीपुस्तिकेत बघावे. ऑक्स म्हणजे प्रत्येक चॅनलमधून हवे तेवढे उचलून केलेले दुसरे मिश्रण, जे आपण मॉनिटरला (गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसमोरच्या स्पीकरला) देतो. बस म्हणजे अनेक चॅनल जिथे एकत्र येतात ती वाट. हा शब्द लॅटिन ‘ओम्निबस’चा तुकडा, अर्थ ‘सर्वांसाठी’. एसटीची बसही त्याच शब्दातून आली.

भजनाच्या रेकॉर्डिंगला मी तरी इन्सर्टच निवडेन. ऐन रंगात आल्यावर साउंडवाला फेडर वरखाली करणारच, आणि ते त्याने करायलाच हवे. इन्सर्टवरून घेतलेल्या आवाजाला त्याची झळ लागत नाही. गेनला मात्र कार्यक्रम सुरू झाल्यावर हात लावायचा नाही, कारण तो बदल रेकॉर्डिंगमध्ये उतरतो.

पुन्हा प्रश्न :

आमच्या सहाही चॅनलला इन्सर्ट आहे. पिन कोणती लागेल? आणि आवाज लॅपटॉपमध्ये घ्यायला दोन चॅनलची तीन साउंड कार्डे लावली तर चालेल का?

प्रतिसाद :

बाजारात जिला पी-३८ म्हणतात ती मोठी पिन, पण मिक्सरच्या बाजूला स्टिरिओ घ्या. नाव स्टिरिओ असले तरी इथे डावे-उजवे काही नाही. टोकावरून आवाज बाहेर जातो आणि मधल्या कड्यावरून परत येतो (काही मिक्सरमध्ये उलट). टोक आणि कडे एकमेकांना डाग देऊन जोडा, त्यावरून गरम (मधली) तार काढा, बुडाला जाळी (तारेचे बाहेरचे वेष्टण). दुसऱ्या बाजूला मोनो पी-३८. असे केले की आवाज कार्डाकडेही जातो आणि परत फिरून हॉलच्या स्पीकरलाही मिळतो. दोन्ही जोडलेले असल्यामुळे मिक्सरमधला क्रम उलट असला तरी अडत नाही. साधी मोनो पिन पूर्ण आत ढकललीत तर तो चॅनल हॉलमध्ये गप्प होईल.

कार्डात ही पिन लाइन इनपुटला द्या, माइकच्या कॅनन (तीन पिनांच्या) सॉकेटला नको. आवाज गेनमधून वाढूनच आलेला असतो, तो पुन्हा वाढवला की फाटतो.

तीन कार्डांचा नाद सोडा. प्रत्येकाचे घड्याळ वेगळे चालते आणि तासाभराच्या भजनात टाळ पखवाजापासून सरकायला लागतो. शिवाय विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (कार्ड आणि रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर जोडणारा) वापरताना सॉफ्टवेअर बहुधा एका वेळी एकच कार्ड घेते. आठ लाइन इनपुटचे एकच कार्ड घ्या. त्याला ‘एडॅट’ इनपुट असले तर पुढे वाढवता येईल. एडॅट हे मुळात अलेसिस कंपनीने १९९१ मध्ये जाहीर केलेल्या, एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक टिपणाऱ्या यंत्राचे नाव. यंत्र मागे पडले, पण त्याच्या प्रकाशतारेची पद्धत टिकली. एका तारेतून ४८ किलोहर्ट्‌झला आठ चॅनल जातात, ९६ ला चारच (हे आकडे म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती हजार नमुने घेतले ते). भजनाला ४८ पुरेसे आहे.

प्रतिसाद :

ज्यांच्या मिक्सरला इन्सर्टही नाही आणि डायरेक्ट आउटही नाही, त्यांच्यासाठी : दोन ऑक्स आणि दोन ग्रुप (काही चॅनल एकत्र करून वेगळे बाहेर काढणाऱ्या बस) असतील तर चार वेगळे आवाज काढता येतात. ऑक्स ‘प्री’वर (फेडरच्या आधी) ठेवा. गायकाला एक पूर्ण ऑक्स द्या, दुसऱ्यावर पेटी, आणि पखवाजाचे दोन माइक पॅन (डावी-उजवीकडे वळवणारे बटण) टोकाला फिरवून दोन ग्रुपवर. वीणा आणि टाळ वेगळे मिळणार नाहीत. ते गायकाच्या माइकमध्ये येतात तेवढ्यावर भागवावे लागेल.