जखमभरणीच्या संशोधनात पडायचे असेल तर सुरुवात कुठून करावी?

अशोक_चौक_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. माझे वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे आणि गेल्या पावसाळ्यात त्यांच्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, जखम झाली. पायाची संवेदना गेल्यामुळे ती त्यांना कळलीच नाही. चपलेवरचा डाग आईच्या नजरेस पडला तेव्हा ती रुपयाएवढी झाली होती. पुढे सात महिने मी त्यांना ड्रेसिंगला नेत होते. आजी म्हणायची की जखमेला वारे लागू द्या, खपली धरली की भरेल. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर म्हणायच्या की ओलसरच ठेवा. यातले खरे काय हे शोधताना मी टिश्यू इंजिनिअरिंग, म्हणजे पेशी वाढवून शरीराच्या ऊती घडवण्याच्या विषयापर्यंत पोहोचले आणि आता याच संशोधनात आयुष्य घालवावे असे मनापासून वाटते. या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञाचे काम रोज कसे चालते, त्यावर घर चालते का, आणि हे संशोधन माझ्या वडिलांसारख्या माणसाच्या पायापर्यंत खरोखर पोहोचते का, हे जाणकारांनी सांगावे.

पेशी_आणि_धागे

मी मूळची सोलापूरची. गेली चोवीस वर्षे मुंबईत जखमभरणी आणि ऊती अभियांत्रिकी हाच माझा विषय आहे.

आधी आजींचे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने धरली, कारण कडेच्या पेशींना खपलीखालून वाट काढत जावे लागले नाही. तेव्हा सिस्टरांचे म्हणणे बरोबर होते. मात्र आजींच्या पिढीला निर्जंतुक ड्रेसिंग मिळत नव्हते आणि ओली जखम चिघळताना त्यांनी पाहिलेली होती, म्हणून त्यांच्या सांगण्याला अडाणीपणा म्हणू नये.

आता रोजच्या कामाविषयी. पहिली काही वर्षे तुम्ही पेशी वाढवायला शिकाल. ३७ अंश तापमान आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या पेटीत त्या वाढतात, दोन-तीन दिवसांनी त्यांचे पोषक द्रव बदलावे लागते, आणि सणासुदीला, लग्नकार्यालाही त्यात खंड पडून चालत नाही. गुलाबी-लाल द्रव एका रात्रीत पिवळे आणि गढूळ झालेले दिसले की जिवाणू शिरले असे समजायचे आणि महिन्याचे काम टाकून द्यायचे. आमचा सर्वांत साधा प्रयोग असा: बशीचा तळ पेशींनी पूर्ण भरला की पिपेटच्या टोकाने त्यात एक सरळ रेघ ओढायची आणि दोन्ही काठांवरच्या पेशी ती फट किती तासांत बुजवतात याची छायाचित्रे घ्यायची. मी हा प्रयोग शेकडो वेळा केला आहे, तरीही काठावरच्या पेशी पुढचा भाग पसरून मोकळ्या जागेकडे सरकताना पाहिल्या की आजही खुर्ची ओढून बसावेसे वाटते.

तुम्ही विणकराच्या घरातल्या आहात, हे या विषयात मोठे भांडवल आहे. आपल्या त्वचेला बळ देणारे कोलॅजेनचे तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंफलेले असतात. जखम भरताना शरीर घाईने तंतू घालते, ते बरेचसे एकाच दिशेला पडतात, आणि म्हणून व्रणाची त्वचा पूर्ण मुरल्यावरही मूळ त्वचेच्या फार तर ऐंशी टक्के ताण सोसते. आमची सारी धडपड पेशींना आधी नीट आधारजाळी देण्याची आहे. प्रयोगशाळेत आम्ही पॉलिमरचे द्रावण सिरिंजमध्ये भरून हजारो व्होल्टचा दाब देतो. सुईच्या टोकातून केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक तंतू निघतो. तो स्थिर पत्र्यावर पडला तर कसाही पडतो आणि वेगाने फिरणाऱ्या रुळावर घेतला तर ओळीने बसतो.

वेळेचाही अंदाज असू द्या. यानास आणि बर्क यांनी गाईचे कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतला घटक वापरून केलेल्या कृत्रिम त्वचेचे भाजलेल्या रुग्णांवरचे निष्कर्ष १९८१ साली आले आणि अमेरिकेत तिला मान्यता मिळाली १९९६ साली.

माझी स्वतःची चूकही सांगते. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी माझ्या आधारजाळीने उंदरांच्या जखमा इतक्या लवकर मिटल्या की मी घरी फोन करून सांगितले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे विचारले की जखम भरली की आकसली. उंदराच्या सैल त्वचेखाली स्नायूचा पातळ थर असतो आणि तो जखमेच्या कडा ओढून घेतो. माणसाची जखम मुख्यतः नवी ऊती तयार होऊन भरते. मी जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवून सारे प्रयोग पुन्हा केले आणि आधारजाळी लावलेल्या आणि न लावलेल्या जखमांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. दीड वर्ष गेले, पण प्रबंधातले सर्वांत खरे प्रकरण तेच आहे असे मी मानते.

शल्यविभाग_सोलापूर

प्राध्यापिकाबाईंचे विवेचन उत्तम आहे, पण मी रुग्णाच्या बाजूने लिहितो. मधुमेही पायाची जखम अडते ती बहुतेक वेळा तीन कारणांनी: त्या जागेवरचा भार हटत नाही, रक्तपुरवठा अपुरा असतो किंवा जंतुसंसर्ग आटोक्यात येत नाही. माग सांभाळणारा माणूस पाळीभर उभा असतो. त्याच्या तळव्यावर जगातली सर्वोत्तम कृत्रिम त्वचा ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तो मागापुढे उभा राहिला, तर तिचा लगदा होईल. जिवंत पेशींची एक कृत्रिम त्वचा अमेरिकेत मधुमेही पायासाठी २००० सालीच मान्य झाली, पण माझ्या बाह्यरुग्ण विभागात ती मी कोणाला लिहून देऊ शकत नाही.

म्हणून मला मुंबईच्या शीव रुग्णालयातले काम मोलाचे वाटते. तिथे २००० साली त्वचापेढी, म्हणजे दान केलेली त्वचा जपून ठेवणारी पेढी सुरू झाली. तिथल्याच डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचे ड्रेसिंग वापरून पाहिले आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याआधी मुंबईतच डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे ड्रेसिंग केले होते. पान तितकेच उपयोगी आणि पुष्कळ स्वस्त ठरले. चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या उन्हात, फ्रिजशिवाय टिकेल असे काही तुम्ही पुढे केलेत, तर ते मी पहिल्या दिवसापासून वापरीन.

पेशी_आणि_धागे

डॉक्टरसाहेबांचा पहिला मुद्दा निर्विवाद आहे, आणि मी तो आधीच लिहायला हवा होता. स्वस्त आणि लगेच वापरता येईल असे कामच मोलाचे, या दुसऱ्या मुद्द्याबाबत थोडा मतभेद नोंदवते. अमेरिकेतले शास्त्रज्ञ हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी राइनवाल्ड हे उंदराच्या एका गाठीतल्या पेशींचा अभ्यास करत होते. त्यात त्वचेच्या पेशींसारखे पुंजके दिसले म्हणून त्यांनी वाट बदलली आणि १९७५ साली माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी बशीत वाढवण्याची रीत दिली. १९८३ साली अंगाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजलेली दोन लहान मुले त्याच रीतीने वाढवलेल्या त्यांच्याच त्वचेमुळे वाचली. केळीचे पान वापरणारे हवेत आणि विनाकारण वाटणारे कुतूहल बाळगणारेही हवेत. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली कोलॅजेनची तिपेडी रचना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर कोणाची जखम नव्हती.

चौथे_वर्ष_पीएचडी

घर चालते का, याचे उत्तर मी देतो, कारण बाकीच्यांना ते दिवस आठवत नसावेत. आधी एम.एस्सी., त्याबरोबर नेट किंवा गेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षांची तयारी. नेटमधून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन विद्यावृत्ती, मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे. यात एकट्याचे नीट भागते आणि घरी थोडे पाठवता येते, मात्र पैसे वेळेवर येतीलच असे धरू नका. माझी विद्यावृत्ती एकदा पाच महिने अडकली होती आणि मी मेसचे पैसे मित्राकडून घेतले. तेव्हा हाताशी थोडी शिल्लक ठेवूनच निघा. प्राण्यांवरील प्रयोगांची आणि मानवी ऊतींची परवानगी मिळवण्यातही महिने जातात, त्यामुळे ते अर्ज पहिल्याच सहामाहीत करावेत. मार्गदर्शक निवडताना त्यांचे किती शोधनिबंध आहेत यापेक्षा त्यांचे जुने विद्यार्थी आज कुठे आहेत हे विचारावे. तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिच्यासाठी अर्ज जरूर करावा, कारण दोन महिने प्रयोगशाळेत काढल्यावर हे काम आपल्याला मानवते की नाही ते कळते.

अशोक_चौक_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. मॅडम, तुमचे उत्तर वाचून मी निरोगी त्वचेच्या आणि व्रणाच्या तंतूंची छायाचित्रे शोधली आणि नावे न सांगता वडिलांना दाखवली. त्यांनी व्रणाच्या छायाचित्रावरून बोट फिरवले आणि म्हणाले, ‘‘ह्यात नुसता ताणा आहे, बाणा भरलाच नाही. आडवं ओढलं की उसवणार.’’ मग स्वतःच्या पायाकडे पाहत बराच वेळ गप्प बसले. डॉक्टरसाहेब, तुमच्या ड्रेसिंगच्या खोलीत मला कधी उभे राहता येईल का? आणि मॅडम, तंतूंची ही दिशा आमच्या महाविद्यालयात पाहता येण्याजोगी काही पद्धत आहे का?

शल्यविभाग_सोलापूर

तुमच्या विभागप्रमुखांचे पत्र घेऊन या. रुग्णांची संमती घेऊनच उभे राहायचे आणि पहिला महिनाभर फक्त पाहायचे, जखमेला हात लावायचा नाही. वडिलांनाही बरोबर आणा. भरलेली जागा पुन्हा उघडण्याचा धोका पहिल्या वर्षात मोठा असतो आणि त्यांची चप्पल मला पाहायची आहे.

पेशी_आणि_धागे

आहे. ऊतीचा पातळ काप पिक्रोसिरियस रेड या रंगात रंगवून ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाखाली पाहिला की कोलॅजेनचे जाड तंतू तांबडे-नारिंगी आणि बारीक तंतू हिरवट चमकतात, आणि ते कोणत्या दिशेला पडले आहेत हे डोळ्यांना सरळ दिसते. ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक जीवशास्त्राच्या विभागात बहुधा मिळणार नाही. भूगर्भशास्त्राच्या विभागात विचारा, खडकांचे काप पाहायला ते तोच वापरतात. सुरुवात मटणाच्या दुकानात मिळणाऱ्या स्नायुबंधाच्या तुकड्यापासून करा, म्हणजे कोणत्याही समितीची परवानगी लागणार नाही. तंतू दिसले की छायाचित्र इथे टाका.