सत्तावीस सूचना, त्यात कामाच्या किती?

रोहिणी_का
कालपासून एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. दिवाळीच्या सुरक्षा सूचनांची टिंगल करणाऱ्यांनी आधी बर्न्स वॉर्डात एक रात्र काढावी आणि मग हसावं, असा तिचा सूर आहे. आमच्या सोसायटीच्या नोटिशीचा फोटो मी टाकला होता, त्यावर बरेच जण हसले. त्यावरूनच ती आली असणार, म्हणून नीट उत्तर देते.

हो, मी हसले. नोटीस सत्तावीस कलमांची आहे. चकली तळताना तेल गरम असते. उटणे डोळ्यांत जाऊ देऊ नये. रांगोळीचे रंग तोंडात घालू नयेत. अभ्यंगस्नानानंतर ओल्या फरशीवरून सावकाश चालावे. पणती लावताना पणतीकडे लक्ष असावे. हे ज्यांना सांगताय त्या बायका तीस-चाळीस वर्षं फराळ तळतायत हो! त्यावर पुन्हा शाळेचं सही करून पाठवायचं हमीपत्र, गॅस एजन्सीचा मेसेज, बँकेचा मेसेज, गावाला जाताना कुलूप लावा म्हणून पोलीस ठाण्याचा मेसेज. हमीपत्रावर आमच्या इमारतीतल्या प्रत्येक पालकाने न वाचता सही केली.

माझा राग इथे आहे. न फुटलेल्या फटाक्यावर वाकून बघू नका, ही सूचना आमच्याकडे एकोणिसावी आहे, रांगोळी आणि उटण्याच्या मधे. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइपात कॅल्शियम कार्बाइडचा गॅस पेटवून बार काढणाऱ्या घरगुती 'गन'मुळे शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात मुलंच जास्त. वाजली नाही म्हणून कितीतरी पोरं पाइपात डोकावली होती. आमच्या सत्तावीस कलमांत कार्बाइडचं नाव नाही. आणि भाजलंच तर काय करायचं, याबद्दल एक ओळ नाही. सगळं 'करू नये', 'जाऊ नये', 'घालू नये'. कुणी तरी आपली जबाबदारी झटकायला कागद चिकटवलाय, मुलांसाठी नाही. अशा कागदावर हसायचं नाही तर काय करायचं?

अनुराधा_सिस्टर
ती पोस्ट माझी नाही, पण माझी असती तरी शब्द बदलला नसता. सरकारी रुग्णालयाच्या बर्न्स वॉर्डात नोकरीची बहुतेक वर्षं काढलीत मी, आता निवृत्त आहे.

रोहिणी, तुम्हाला पणतीच्या सूचनेवर हसू आलं ना? मी दिवाळीत भाजून आलेल्या ज्या बायका बघितल्या, त्यांतल्या कितीतरी फटाक्यांजवळ गेल्याही नव्हत्या. दारात रांगोळी काढायला वाकल्या, पाठीमागे पणत्यांची ओळ, पदर मागे पडला. जॉर्जेट, नायलॉन. सुती कापड जळतं, हे कापड वितळून कातडीला चिकटतं. त्याही तीस-चाळीस वर्षं पणत्या लावत होत्या. सवय झाली म्हणूनच मागे बघितलं नाही.

आणि घरून काय काय लावून येतात! टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस, तूप, हळद. ते सगळं आधी काढावं लागतं, तेव्हा पोर किंचाळतं ते ऐकून आई बाहेर पळते. एकच करायचं असतं. नळाखाली वाहतं गार पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही. अंगठ्या, बांगड्या लगेच काढायच्या, सूज आली की निघत नाहीत. मग स्वच्छ सुती कापड टाकून दवाखाना. तुमच्या नोटिशीत हे नाही याचा मलाही संताप आहे. पण म्हणून बाकीच्या ओळी फाडून टाकायच्या?

रोहिणी_का
फाडा म्हणाले नाही. पण तुम्ही वर जे लिहिलंत ते सहा-सात वाक्यांत झालं आणि मी प्रत्येक वाक्य वाचलं. आमच्या नोटिशीत पणतीचं वाक्य आहे, पण मागे बघा, पदर खोचा, जॉर्जेट नेसू नका, हे नाही. 'लक्ष असावे' म्हणजे नेमकं कुठे?

तोफखाना
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. सूचना फक्त आपल्याच सणांना का? होळीला पाणी जपा, दहीहंडीला उंची कमी करा, गणपतीत आवाज कमी, दिवाळीत तर श्वासही कमी घ्या. बाकी जग वर्षभर मजेत.

लेस्टरकर
तोफखाना, इथे इंग्लंडमध्ये येऊन बघा. ५ नोव्हेंबरला यांची बॉनफायर नाइट, त्याआधी शाळा, नगरपालिका, अग्निशमन दल सगळे सूचनांचा पाऊस पाडतात. फुलबाजीसाठी हातमोजे घाला, विझलेली फुलबाजी पाण्याच्या बादलीत टाका, पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊच नका. अठराच्या आतल्याला फटाके विकणं गुन्हा आहे. रात्री ११ नंतर उडवायला बंदी, बॉनफायर नाइटला १२ पर्यंत सूट. आणि दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत. म्हणजे त्यांच्या सणापेक्षा आपल्याला एक तास जास्त दिलाय कायद्याने. प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधू नका.

आणि हातमोज्यांवर हसणाऱ्यांसाठी सांगतो, फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या वर तापलेली असते. आपण ती तीन वर्षांच्या पोराच्या हातात देऊन फोटो काढतो.

तोफखाना
एक तास मिळाला म्हणून आनंद माना तुम्ही. इथे २०१८ पासून रात्री ८ ते १० आहे. बरं, इंग्लंडचं मान्य, तिथेही डोकं खातात.

धूरविरोधी
पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये वेगवेगळ्या फटाक्यांचा धूर मोजला होता. सूक्ष्म कण सर्वांत जास्त कशातून निघाले? नागगोळीतून! लडीपेक्षाही जास्त. सगळ्यात कमी झाडातून, म्हणजे भुईनळ्यातून. आणि आपण काय करतो? आवाज नाही म्हणून नागगोळी बालवाडीच्या पोराला देतो, ते नाक खाली घालून साप किती लांब झाला बघत बसतं. एकाही नोटिशीत, एकाही हमीपत्रात नागगोळी नाही. माझा मुलगा दम्याचा आहे म्हणून मला हे शोधावं लागलं. रोहिणीताईंचा मुद्दा शंभर टक्के पटतो. जास्त सूचना आहेत हे दुखणं नाहीच, चुकीच्या आहेत.

वायरमन_सातारा
मी काय म्हणतो, माळांबद्दल कोणी बोलणार का? एका थ्री-पिनमध्ये मल्टिप्लग, त्यात दुसरा मल्टिप्लग, त्यात पाच माळा आणि कंदील. माळेची वायर केसासारखी, जोड उघडा, सेलोटेप मारलेली, आणि टांगतात कुठे, तर गॅलरीच्या लोखंडी ग्रिलवर. परतीचा पाऊस आला की ग्रिलला करंट. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असेल तर माणूस वाचतो. जुन्या इमारतींत तो नसतोच. असला तर माळ लावली की ट्रिप होतो म्हणून मलाच बोलावून काढून टाकायला सांगतात! मी नाही म्हटलं की दुसरा वायरमन गाठतात. नोटिशीत लिहितात 'विजेची काळजी घ्यावी'.

मावळा_कल्याण
तुम्ही नोटिशीवर हसताय, आमच्या नोटिशीने किल्लाच बंद केला. कलम अकरा, 'माती, दगड व विटांमुळे वाहनांस तसेच अग्निशमन वाहनास अडथळा होत असल्याने व मुलांस इजा संभवत असल्याने किल्ला करण्यास मनाई'. सहामाहीच्या पेपरांपासून पोरांनी राजगडाचा नकाशा काढून ठेवला होता. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या मापात काढलेल्या. पोती जमवली, लाल माती आणली, अळीव पेरायला वाटीत भिजत घातले. सगळं जिन्याखाली पडून आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने महाराजांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात राजगड आहे, तेव्हा ह्याच कमिटीने ग्रुपवर भगवे झेंडे टाकले होते. आता पोरांचा राजगड धोकादायक झाला.

माजी_सेक्रेटरी
जबाबदारीच्या खुर्चीत न बसता लिहिणं सोपं असतं. मी बसलोय. एका वर्षी आमच्याकडे किल्ल्याची वीट एका लहान मुलाच्या पायावर पडली, बोट फ्रॅक्चर. वडील दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात. मला बोलावलं, दोन तास बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, तुम्ही लेखी सूचना दिली होती का? दिली नव्हती. पुढच्या वर्षीपासून मी सगळं लिहायला लागलो. रोहिणीबाई म्हणतात जबाबदारी झटकायला कागद लावतात. हो, लावतात. बिनपगारी काम करणाऱ्या माणसाने स्वतःला वाचवायचं नाही का?

मावळा_कल्याण
मग कबूल करा ना, कागद पोरांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे! अग्निशमनाची गाडी किल्ल्याने अडते म्हणे. दोन फूट उंच, पाच फूट रुंद, कोपऱ्यात, भिंतीला टेकून. आमच्याकडे त्याच रस्त्यावर कमिटीतल्यांच्या दुसऱ्या गाड्या उभ्या असतात, बाराही महिने. त्यावर कलम का नाही?

वायरमन_सातारा
मावळ्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निसुरक्षा कायदा आहे. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, फॉर्म बी भरायचा असतो, यंत्रणा चालू आहे म्हणून. मी इमारतींत काम करतो, होजरीलची, म्हणजे आग विझवायचा पाइप गुंडाळायची, चाकं गंजलेली बघतो, पाइप उंदरांनी कुरतडलेले, पंपाचं बटण 'ऑफ'वर. फॉर्म मात्र वेळेवर. वरच्या मजल्यावर आग लागल्यावर थांबायची जी मोकळी जागा ठेवलेली असते, तिथे कोणाची तरी जुनी कपाटं. आणि बंदी कशावर, पोरांच्या मातीवर.

माजी_सेक्रेटरी
सगळ्या सोसायट्या एका मापाने मोजू नका. आमच्याकडे पंप दर महिन्याला चालवून बघतात, मी स्वतः उभा राहायचो. आणि गाड्यांचं म्हणाल तर मी चार जणांना जॅमर लावले होते. पुढच्या निवडणुकीत त्याच चौघांनी मला पाडलं. किल्ला बंद केल्याने कोणी पाडत नाही, मुलांना मत नसतं. हे मला आवडतं असं समजू नका.

मावळा_कल्याण
पहिल्यांदा काही तरी खरं बोललात.

माजी_सेक्रेटरी
खरं आधीपासून बोलतोय. तुम्ही ओरडणं थांबवलंत म्हणून ऐकू आलं.

पेडण्याचो
रोहिणीबाय, आमच्याकडे गोव्यात या. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर. गवत, कागद, फटाके भरलेला दोन माणसांच्या उंचीचा देह, पहाटे जाळायचा. पोरं महिनाभर राबतात, फार सुंदर करतात. पण रात्रभर रस्त्यावर भिंत हादरवणारे स्पीकर. दरवर्षी सरकारी सूचना निघते, वेळ, आवाज सगळं लिहिलेलं. माझ्या आईला हृदयविकार, त्या रात्री तिला डिचोलीला मामाकडे नेऊन ठेवतो. सूचना कमी असोत नाहीतर जास्त, रात्री दोन वाजता फोन उचलणारा एक माणूस द्या मला.

धूरविरोधी
अहो पण नागगोळीचं काय? सगळे किल्ल्यावरच बोलतायत.

मावळा_कल्याण
किल्ल्यावर बोलणारच. पोराच्या हातातून फटाका काढून घ्यायचा तर दुसरं काही तरी द्यावं लागेल ना? आठ दिवस माती कालवणारं पोर फटाक्यांच्या दुकानासमोर रडत नाही. किल्ला बंद करून तुम्ही त्याला नागगोळीकडेच ढकलताय. तुमचाच मुद्दा आहे हा!

धूरविरोधी
हे मात्र मान्य करावं लागेल. आमच्या मुलाला त्या दिवसांत बाहेर खेळता येत नाही, किल्ला एवढं एकच तो दुपारी करू शकतो.

अनुराधा_सिस्टर
किल्ल्याच्या मातीतून वॉर्डात आलेलं पोर मी बघितलेलं नाही. मातीत काच असते, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर दिलेलं असावं, एवढंच. पण पोरं किल्ल्यावर संध्याकाळी पणत्या ठेवतात, आणि तिथेच वाळलेली पोती असतात.

रोहिणी, तुमच्या सत्तावीसचं म्हणाल तर वीसेक ओळी मीही गाळीन. उटण्याची गाळा, रंगांची गाळा. तेलाची नाही गाळणार. तळताना मूल ओट्याशी येतं आणि कढईचा कान ओढतं, हे मी बघितलंय.

रोहिणी_का
मग तेलाची ओळ 'तेल गरम असते' अशी नको. 'तळण चालू असताना मूल स्वयंपाकघरात नको' अशी लिहा, मी एका शब्दाला हसणार नाही. मी आज रात्री एक कागद करते. सुती कपडे, पदर खोचलेला, पाण्याची भरलेली बादली. न वाजलेल्याकडे परत जायचं नाही, त्यावर लांबून पाणी ओतायचं. कार्बाइड नाही, नागगोळी नाही. माळ ग्रिलवर नाही. तळताना मूल लांब. भाजलं तर वीस मिनिटं पाणी, बाकी काही लावायचं नाही. सिस्टर, एकदा तपासून द्याल का?

अनुराधा_सिस्टर
देते. डोळ्याचं राहिलं. डोळ्यात काही गेलं तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आणि कार्बाइडचा कण गेला असेल तर भरपूर पाणी, थांबायचं नाही. टायपाचा आकार मोठा ठेवा, सासवांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.

तोफखाना
आणि वेळ ८ ते १० लिहायची विसरू नका, नाहीतर सेक्रेटरीसाहेबांना पुन्हा ठाण्यात बसवतील.

माजी_सेक्रेटरी
लिहावीच लागेल, न्यायालयाचा आदेश आहे. तुमचा कागद छोटा आहे, चांगला आहे, पण कमिटी म्हणून मी असतो तर सत्तावीस कलमांचा दुसरा कागद त्याच्या शेजारी लावलाच असता. ठाण्यातला प्रश्न तुम्हाला कोणी विचारत नाही.

मावळे, आमच्या सोसायटीत किल्ला पुन्हा सुरू करायचं मी या रविवारच्या सभेत मांडतो. मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या झाकणापासून लांब. विटा नाहीत, दगड खाली आणि माती वर. पोती ओली. पणत्या किल्ल्यावर नाहीत, किल्ल्यासमोर.

मावळा_कल्याण
विटांशिवाय बालेकिल्ला उभा राहत नाही, पण चालेल, बघतो. तुम्ही एक करा. आमच्या सेक्रेटरींना तुम्हीच फोन लावा. माझं ते ऐकणार नाहीत, तुम्ही खुर्चीत बसलेले आहात. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.