पेडलबोर्डाचा पुरवठा: प्रश्न केवळ मिलिअँपिअरचा नाही

गिटारचा आवाज बदलणारी सर्व पेडल एकाच ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर जोडल्यावर येणाऱ्या शिट्टीसारख्या आवाजावर अधिक मिलिअँपिअरचा (म्हणजे अधिक प्रवाह देऊ शकणारा) अडॅप्टर घ्यावा, असे सुचवले जाते. ते मला अपुरे वाटते. पेडल लागेल तेवढाच प्रवाह खेचते, त्यामुळे अडॅप्टरची क्षमता सर्वांच्या बेरजेपेक्षा थोडी अधिक असली की पुरते. आवाजाचे मूळ बहुधा डिजिटल डिले किंवा रिव्हर्बमध्ये (प्रतिध्वनी वा घुमार देणाऱ्या पेडलमध्ये) असते: त्यातील क्लॉकचा, म्हणजे डिजिटल सर्किटला ताल देणाऱ्या स्पंदनांचा, गोंगाट सामायिक वीजतारेतून ओव्हरड्राइव्हपर्यंत (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलपर्यंत) पोहोचतो आणि गेन (सिग्नलची वाढ) वाढवताच ठळक होतो. खरेदीपूर्वी डिजिटल पेडल वेगळ्या अडॅप्टरवर चालवून पाहावे. शिट्टी थांबली, तर विलग आउटपुट (एकमेकांशी विद्युतजोडणी नसलेली स्वतंत्र आउटपुट) असलेला पुरवठा घेणे योग्य.

जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरच्या जुन्या घडणीच्या फझबाबत (आवाज तीव्रपणे विकृत करणाऱ्या पेडलबाबत) मात्र विशेष जपावे. त्यात सहसा पुरवठ्याचे धन टोक ग्राउंडला जोडलेले असते, तर इतर बहुतेक पेडलांत ऋण. त्यामुळे तो इतर पेडलांसोबत एकाच अडॅप्टरच्या सामायिक साखळीत लावल्यास पॅच केबलच्या (पेडल एकमेकांना जोडणाऱ्या तारेच्या) ग्राउंडला जोडलेल्या धातूच्या आवरणातून पुरवठाच शॉर्ट होतो. त्याला साधी ९ व्होल्टची बॅटरी द्यावी (प्रवाह इतका कमी लागतो की ती बरीच टिकते), आणि वाजवून झाल्यावर इनपुटचा जॅक आठवणीने काढावा, नाहीतर बॅटरी खर्च होत राहते.