शब्दचर्चा : ‘निश्चिंत’ माणसाला दोष कसा द्यायचा?

मिरज जंक्शन :
आमच्या चर्चच्या मासिक पत्रिकेत बायबलच्या लूक १२ मधल्या श्रीमंत शेतकऱ्याच्या दाखल्यावर, म्हणजे येशूनं सांगितलेल्या बोधकथेवर, पानभर लिहायचंय. पीक उदंड आलं, त्यानं जुनी कोठारं मोडून मोठी बांधायचं ठरवलं, जिवाला म्हणाला, ‘विसावा घे, खा, पी, आनंद कर’. आणि देव म्हणाला, मूर्खा, आज रात्रीच तुझा जीव मागितला जाईल. पाळकसाहेब याला कम्प्लेसन्सी म्हणतात, म्हणजे आता सगळं ठीक आहे, काही बघायला नको, असं मानून बसणं. मी ‘निश्चिंतपणा’ लिहिलं तर कागद परत आला. त्यांचं बरोबर आहे म्हणा. दाखला २१ व्या वचनात संपतो आणि २२ व्यात येशू शिष्यांना सांगतो, जिवाची चिंता करू नका. म्हणजे निश्चिंत तर व्हायचंच आहे! मग याला काय म्हणू? ‘बेफिकीर’ चालेल?

तासगावची :
बेफिकीर नको दादा. बेदाणा शेडवर आहे, आभाळ भरून आलंय आणि गडी पत्ते पिसतोय, तो बेफिकीर. हा तर पक्का हिशेबी. ‘गाफील’ही पुरता बसत नाही. गाफिलाला धोका दिसत नाही, याला धोका उरलाच नाही असं वाटतंय. मी ‘निर्धास्त’ म्हणेन. धास्ती गेली, आणि गेली ती कोठारामुळं. शब्दही सरमिसळ आहे बघा, ‘निर्’ संस्कृत आणि ‘धास्ती’ मूळची अरबी.

हरिपूरकर :
निर्धास्तला माझंही मत. ‘कोठार’ वाचलं की मला आमच्याकडची हळद साठवायची जमिनीखालची पेवं आठवतात. तोंड एवढंसं, आत उतरलं की खोलीएवढं पोट. उघडल्या उघडल्या कुणी आत उतरायचं नाही, वायू कोंडलेला असायचा. ‘माल पेवात हाय’ म्हटलं की पुढं कुणी काही विचारायचं नाही, एवढा भरवसा. २००५ च्या पुरात त्याच पेवांत पाणी शिरलं. (‘पेव फुटणे’ आता लोक क्लासेसचं, बॅनरचं पेव फुटलं असं वापरतात. पेव पाहिलेलं नसतं.)

वाईकर :
साताऱ्याकडचा आमचा लाडका शब्द विसरलात, ‘निवांत’. त्याचा संबंध संस्कृत ‘निवात’शी लावतात, म्हणजे जिथं वारं लागत नाही अशी जागा. एरवी यात काही वाईट नाही. पण बायबलातल्या सफन्याच्या पुस्तकात १:१२ बघा. गाळावर तशीच राहू दिलेली, या भांड्यातून त्या भांड्यात न ओतलेली द्राक्षारसासारखी माणसं. ती मनात म्हणतात, परमेश्वर बरंही करणार नाही, वाईटही करणार नाही. तुरटी फिरवलेल्या पाण्यासारखं सगळं खाली बसलंय. ‘हलायला नको’ हा भाव निर्धास्तमध्ये येत नाही, निवांतमध्ये येतो.

मिरज जंक्शन :
वाईकर, सुरेख. पण पत्रिकेत निवांत लिहिलं तर लोक अमावस्येची सुट्टी समजतील. प्रकटीकरण ३ मधल्या लावदिकीयाला मात्र तो शोभला असता. सन ६० मध्ये भूकंपानं गाव पडलं, तर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशानं परत उभं केलं. रोमन इतिहासकार टॅसिटसनं तशी नोंद केलीय. अशा गावातल्या मंडळीच्या तोंडी ‘मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही’ हे वाक्य येतं. आपल्याकडचं ‘आमचं आम्ही बघू’.

निवृत्त कॅशियर :
मी नोकरीभर पतसंस्थेच्या काउंटरवर होतो, नाव सांगत नाही. संस्था अडचणीत आल्यावर एक आजोबा रोज यायचे. ठेवपावत्या बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात गुंडाळून, वर रबर. पैसे मागायचे नाहीत. फक्त विचारायचे, ‘साहेब, माझी ठेव हाय न्हवं?’ तेव्हापासून ‘ठेवणे’ या क्रियापदाचा विचार करतोय. पैसे ठेवतो तसाच आपण भरवसा ठेवतो, विश्वास ठेवतो, आशा ठेवतो. बायबलात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ६:१७ ला ‘चंचल धनावर आशा ठेवू नका’ आहे, आणि तीनच वचनं पुढं तीमथ्याला सोपवलेली ‘ठेव’ सांभाळायला सांगितलीय. मराठीत हे किती जवळ आलं! चर्चा ‘निर्धास्त’वर आहे खरी, पण निर्धास्त कशावर, ते या क्रियापदात आहे.

तासगावची :
काका, बायबलात धनासाठी येणाऱ्या ‘मामोन’ शब्दाचंही तसंच सांगतात ना? अरामी शब्द. ‘आमेन’ ज्या धातूपासून आला त्याच, भरवशाच्या, धातूशी काही अभ्यासक तो जोडतात. सगळ्यांना मान्य नाही म्हणे.

मिरज जंक्शन :
हो, मलाही तसंच सांगितलं गेलं. आणखी एक, पाळकसाहेबांनी काल दाखवलेलं. ‘जीव मागितला जाईल’ इथं ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते दिलेलं परत मागण्याचं आहे, आणि तेही अनेकवचनी, ‘ते परत मागतात’. कोण ते, हे सांगितलेलं नाही. मी ‘निर्धास्त’ घेतोय. पण कॅशियरकाका, ‘परत मागणे’ला काउंटरवर काय म्हणता? ‘ठेव उचलणे’ की ‘ठेव काढणे’?

निवृत्त कॅशियर :
ठेवीदार ठेव ‘मोडतो’. मुदतीआधी असली तर.