वीस-बावीस कॉम्प्युटरच्या ऑफिसात प्रॉक्सी हवी की नको? (सोलापूर)

टॉवेलवाला_आयटी:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एक्सपोर्ट ऑफिसात आयटी बघतो. म्हणजे प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळंच. २२ कॉम्प्युटर, १०० एमबीपीएसचं फायबर, तरी दुपारी तीननंतर नेट रांगतं. २० तारखेला जीएसटीचं महिन्याचं रिटर्न (जीएसटीआर-३बी) भरताना अकाउंट्सच्या शिव्या मलाच. म्हणून जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकून स्क्विड हे प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर बसवलंय, म्हणजे सगळ्यांचं नेट त्या एका मशिनमधून जातं. माझं मत, छोट्या ऑफिसातही प्रॉक्सी हवीच. एकाने उघडलेलं पान दुसऱ्याला कॅशमधून, म्हणजे प्रॉक्सीने साठवलेल्या प्रतीतून मिळतं, नको त्या साइट बंद होतात आणि कोण कुठे गेलं त्याची नोंद राहते. मालकांना तिसरं कारण सगळ्यात जास्त आवडलं! विरोध असेल तर कारणासकट लिहा.

वायरमन_सातरस्ता:
कॅश विसरा. दोन एमबीपीएसच्या लाइनवर अख्खं ऑफिस ओढायचो तेव्हा स्क्विड म्हणजे देव होता, कारण वेब साध्या एचटीटीपीवर चालायचं. आता जवळजवळ सगळं एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं. ब्राउझर स्क्विडला एवढंच सांगतो, 'अमक्या साइटच्या ४४३ पोर्टला जोडून दे'. पुढे जातो तो कुलूपबंद डबा. आत काय आहे तेच दिसत नाही, तर साठवणार काय? लॉग (नोंदींची फाइल) उघडा, ओळीमागून ओळ टीसीपी_टनेल/२०० सापडेल, म्हणजे डबा न उघडताच पुढे गेला. त्यात स्क्विडच्या मूळ कॉन्फिगमध्ये कॅश_डिरची (डिस्कवर कॅश कुठे ठेवायची ती) ओळ # लावून बंद असते. ती उघडली नसेल तर डिस्कवर काही साठतच नाहीये, २५६ एमबी रॅम तेवढी कामाला.

टॉवेलवाला_आयटी:
बघितलं. ओळ बंदच होती. 😐 आणि लॉगभर टनेलच टनेल.

नवीपेठ_सीए:
कॅश गेली म्हणून प्रॉक्सी गेली असं कुठंय? डबा बंद असला तरी वरचा पत्ता दिसतो ना. साइटच्या नावावरून अडवता येतं, जेवणाच्या सुट्टीत मोकळं सोडता येतं. माझ्या ऑफिसात मार्चमध्ये क्रिकेटचं थेट प्रक्षेपण बंद केलं, त्या आठवड्यात तीन ऑडिट मार्गी लागली. शिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांनी आपल्या सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. उद्या कुणी विचारलं तर राउटरची मेमरी दाखवणार का?

होटगीरोडकर:
मग स्क्विडचं एसएसएल-बंप लावा की. सगळ्या पीसीवर आपलं रूट सर्टिफिकेट टाकायचं, म्हणजे ब्राउझर स्क्विडवर विश्वास ठेवतो आणि डबा उघडून आतलंही दिसतं.

वायरमन_सातरस्ता:
काय बे! मालकांच्या बँकेचा पासवर्ड त्या जुनाट डेस्कटॉपवर उघडा पडणार, आणि त्या मशिनचा रूट पासवर्ड काय असेल ते मी न बघता सांगतो. बरीच अ‍ॅप तर आपलं सर्टिफिकेट मानतच नाहीत, नुसती बंद पडतात. हे करू नका. कुणी केलं असेल तर आजच काढा.

अकाउंट्स_वाली:
तुम्ही सगळे लाइनच्या स्पीडवर बोलताय. मी अशाच एका ऑफिसात होते. लॉग मालकांच्या पुतण्याकडे असायचा. मी नोकरीच्या एका साइटवर दोनदा गेले. पान दिसलं नाही, नुसतं साइटचं नाव. पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर विचारलं, "काय मॅडम, चाललात का सोडून?" लॉग ठेवताय हे आम्हाला आधी सांगितलं होतं का? नाही. लॉग ठेवायला माझी ना नाही. तो वाचणार कोण, हे कुणी बोलतच नाही.

नवीपेठ_सीए:
मॅडम, हे बरोबर. माझ्याकडेही लिहून दिलेलं नाही. देतो.

वायरमन_सातरस्ता:
आणि मूळ दुखणं कुणी तपासलंय का? दुपारी तीनलाच का? टॉवेलवाले, तुमचा अपलोड किती आणि तीन वाजता वर काय जातं?

टॉवेलवाला_आयटी:
अपलोड २० एमबीपीएस. तीनला... डिझाइनवाले नमुन्यांचे फोटो काढून क्लाउडवर चढवतात. एकेक फोटो १५-२० एमबीचा, रंगाच्या शेडसाठी मोठेच लागतात म्हणे.

वायरमन_सातरस्ता:
सापडलं. वरची वाट तुंबली की खालची पानंही अडकतात, कारण प्रत्येक पानाची मागणी आणि मिळाल्याची पोच वरूनच जाते. स्क्विडचे डिले पूल येणाऱ्या डेटाला लगाम घालतात, जाणाऱ्याला नाही. म्हणजे ज्या आजारासाठी प्रॉक्सी आणली, त्यावर ती औषधच नाही. राउटरवर क्यूओएस (कुणाच्या डेटाला किती वाट द्यायची ती सेटिंग) लावून अपलोडला १७-१८ एमबीपीएसची मर्यादा घाला.

टॉवेलवाला_आयटी:
काल १७ लावली. तीन वाजता पोर्टल उघडलं, अकाउंट्समधून एकही फोन नाही. तरी स्क्विड काढत नाही. साइट अडवायला ठेवतोय, लॉग १८० दिवस, पासवर्ड माझ्याकडे आणि एचआरकडे, नोटीस बोर्डावर. ब्राउझरला प्रॉक्सीचा पत्ता सांगणाऱ्या पॅक फाइलमध्ये प्रॉक्सीनंतर 'डायरेक्ट' लिहिलंय, मशिन बंद पडलं तरी नेट चालू राहील.

होटगीरोडकर:
म्हणजे कुणी त्या डेस्कटॉपची पिन काढली की सगळे मोकळे. 😄

टॉवेलवाला_आयटी:
मालकांना सांगू नका.

वायरमन_सातरस्ता:
पिन कशाला काढायची? ते खोकं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं असणार. मे महिना येऊ द्या.